बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका

दर उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर मी पोरांना पोहायला शिकवतो. पाठीचा डबा सुटला की त्यांची पहिली चढाओढ बुडीची. तळाची माती कोण आणतो, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो. म्हणून बुडीच्या दिवशी आधी सगळ्यांना काठावर बसवतो.

कोरोनातला ऑक्सिमीटर घरात असेल तर बोटाला लावा. नेहमीसारखा एक श्वास घ्या आणि बसल्या जागी दम धरा. थोड्या वेळात घुसमट सुरू होते, पोटाला आतून हिसके बसतात. तेव्हा आकडा बघा. 97-98 होता, तो जवळपास तिथंच दिसेल. म्हणजे ही घुसमट ऑक्सिजन संपल्याची नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, आम्लता वाढली, ते मेंदूच्या लंबमज्जेनं ओळखलं. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे पेशींचे बारीक पुंजके मानेतल्या मोठ्या रोहिण्यांपाशी असतात, पण ऑक्सिजन बराच उतरल्याशिवाय ते नेट लावत नाहीत. त्यात कार्बन डायऑक्साइड कमी असेल, तर त्यांचा जोर आणखी मंदावतो.

पोरं नेमकं तेच करतात. पंधरा-वीस खोल श्वास भराभर घेतात आणि सूर मारतात. छातीत ऑक्सिजन भरला असं त्यांना वाटतं. रक्त आधीच 97-98 टक्के भरलेलं, त्यात भर ती किती पडणार? कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग घुसमट उशिरा सुरू होते, ऑक्सिजन खर्च होतच राहतो, आणि घुसमट व्हायच्या आत शुद्ध जाते. खोल पाण्यात दाबामुळं ऑक्सिजन पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि तो एकदम अपुरा पडतो.

माझा चुलतभाऊ असाच वर येता येता हातभर पाण्याखाली थांबला. ना धडपड, ना हात मारणं. आम्हाला वाटलं, मजा करतोय. वडिलांनी उडी टाकून ओढला म्हणून वाचला.

तर बुडीआधी दोन-तीन साधे श्वास घ्यायचे, शेवटचा जरा खोल. पहिली घुसमट झाली की वर यायचं, ती सोसायची नाही. पाण्याखाली जितका वेळ गेला त्याच्या दुप्पट तरी वर दम खायचा, मगच पुढची बुडी. पैज लावायची नाही. चांगला पोहणारा एक मोठा माणूस काठावर फक्त बघायला हवा, हातात मोबाईल नको. पोर वर आलं तरी त्यानं अर्धा मिनिट नजर हटवायची नाही, कारण डोकं पाण्याबाहेर आल्यावरसुद्धा शुद्ध जाऊ शकते.