पॉवर नक्की कोणाकडे आहे ते कसं ओळखायचं
ठाणे शहरात कोणी म्हणालं ना की साहेबांकडे पॉवर आहे, तर आधी विचारा कुठली, कारण आपण सत्ता, अधिकार आणि वट सगळं एकाच शब्दात कोंबतो. सत्ता म्हणजे बहुमत, ती मतांनी येते. अधिकार कायद्यात लिहिलेला असतो, १९४९ च्या महापालिका कायद्यात कारभार आयुक्तांच्या हातात आहे आणि त्यांना नेमतं राज्य सरकार, महापौर फक्त सभा चालवतात (गाडी बघून फसू नका), मोठ्या खर्चाला १६ जणांची स्थायी समिती मंजुरी देते. म्हणून गटाराचा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्या, पोच घ्या, कॉपी नगरसेवकाला. वट मात्र कुठेच लिहिलेली नसते, आमच्या नाक्यावरच्या एका भाऊंकडे पद काहीच नाही पण फोन केला की टँकर हजर.