भातकापणीआधी परसबाग बंद करा, मोरीसकट

नवरात्र बसायच्या आत कामाला लागा. कोकणात भातकापणी झाली की खाचरं उघडी पडतात आणि तिथले उंदीर वस्तीकडे सरकतात. नेमकं तेव्हाच आपण परसात वाल, मुळा, टोमॅटो लावत असतो. दिवाळीनंतर जाळी आणायला गेलात तर उशीर झाला.

जाळीच्याही आधी मोरी. आवाराच्या भिंतीतून पाणी बाहेर जायला जे भोक ठेवलेलं असतं ते. मागच्या वेळी माझ्याकडून तेवढंच राहिलं. चारी बाजूंनी जाळी पुरली होती, फाटकाखाली पत्रा ठोकला होता, आणि भिंतीच्या तळाशी चार इंची पाइप गटारात उघडा होता. घुशीला गटाराची वाट पाठच असते. रताळ्याचे वेल वरून हिरवेगार दिसत होते. उकरायला घेतले तर मातीत नुसत्या साली, आतला गर कोरून नेलेला.

मोरीला स्टेनलेस स्टीलची अर्धा इंची जाळी लावा, बाहेरच्या तोंडाला, स्क्रूने आवळून. साधी लोखंडी जाळी सांडपाण्यात गंजून जाते. सिमेंटात पक्की बसवू नका. पाला अडकला की पाणी तुंबतं आणि घरातलंच कोणीतरी वैतागून जाळी उपटून टाकतं. स्क्रू असले तर काढून साफ करता येते. आणि मोरी एकच असेल असं धरून चालू नका. भिंतीच्या बाहेरून, गवत बाजूला सारत, पूर्ण फेरी मारा. न्हाणीघराचं, कपडे धुण्याचं, पागोळ्यांचं पाणी जिथून जिथून बाहेर पडतं ते प्रत्येक तोंड बघा.

मग कुंपण. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी किंवा हिरवी शेडनेट आणू नका. पहिलीतून लहान उंदीर आरपार जातो, दुसरी तो कुरतडतो. वेल्डेड जाळी घ्या; घुशी आणि मोठ्या उंदरांसाठी अर्धा इंच पुरतो, घरातल्या बारक्या उंदरांसाठी पाव इंच लागतो. जाळी दीड फूट खोल पुरायची आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला फूटभर आडवं वळवायचं. घूस कुंपणाला लागूनच खाली उकरत जाते, ती त्या आडव्या पट्टीवर अडते. सरळ उभी पुरलेली जाळी तिला अडवत नाही, तेव्हा खोदायचा कंटाळा करू नका. आणि एवढं खोदून मोरी उघडी ठेवणार असाल तर खोदूच नका.

आवारात आधीपासून बिळं असली तर कुंपण घालून आपण त्यांना आतच कोंडतो. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. तोंडाशी मऊ, ताज्या मातीचा ढीग असेल तर घूसच. वाट कळत नसेल तर भिंतीच्या कडेने रांगोळीची पूड पसरा, पावलं उमटतात. मोरीच्या तोंडाशीही पसरा.

घूस खालून येते तसा काळा उंदीर वरून येतो. पडवळ-दोडक्याचा मांडव घराच्या कौलांना किंवा माडाला टेकू देऊ नका. माडाला जमिनीपासून दोन मीटरवर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळा, पण शेजारच्या झाडाच्या झावळ्या त्यात गुंतलेल्या असतील तर पट्ट्याचा उपयोग शून्य.

सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, लाकडं भिंतीला लागून रचू नका. खतात शिजवलेलं अन्न, माशाचे काटे नकोत. कोंबड्यांचं खाणं रात्री उचला.

पिंजरा लावायचा तर भिंतीच्या कडेला, आणि पहिले काही दिवस दार उघडं बांधून आत सुकट किंवा भाजलेलं खोबरं ठेवा. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो; सवय झाली की मग दार सोडा. चिकट पुठ्ठे नकोत, त्यात पाली आणि चिमण्या सापडतात.

विषाबद्दल माझं मत ठाम आहे: परसात नको. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की त्यातून विषारी फॉस्फीन वायू सुटतो, आणि ते कुत्र्याला, कोंबडीला, रांगत्या मुलाला सारखंच मारतं. ब्रोमॅडिओलोनने उंदीर काही दिवस रेंगाळत मरतो. तेवढ्यात तो मांजराने किंवा घुबडाने उचलला की विष पुढे जातं. गव्हाणी घुबड आणि धामण हे दोघे फुकट उंदीर मारतात. धामण दिसली की काठी शोधू नका.

हातमोजे आणि गमबूट आधी, फावडं नंतर. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, ओल्या मातीतून, कातडीवरच्या साध्या चिरेतूनही. या कामानंतर ताप आला तर डॉक्टरांना मोरी साफ केल्याचं आपणहून सांगा. कुरतडलेली काकडी, टोमॅटो कापून उरलेलं खाऊ नका, अख्खं टाका.

लावणीनंतर: पेरलेल्या मका-वालावर उगवेपर्यंत जाळी झाका. भोपळा जमिनीला टेकू देऊ नका. पिकलेलं त्याच दिवशी तोडा. आठवड्याला कुंपणाची एक फेरी. मोठी सर पडून गेली की त्याच दिवशी मोरीची जाळी काढून धुवा, परत लावा, चारही स्क्रू आवळा.