साथीच्या काळात केअर होममधल्या आजी-आजोबांना बाहेर न्यायचं म्हणजे काय काय बघावं लागतं (ॲक्टिव्हिटीच्या कामात नवीन असाल तर)

केअर होममध्ये ॲक्टिव्हिटीचं काम नवीन हातात घेतलं की सगळे आपल्याला बागेबद्दलच सांगत बसतात, खुर्च्या किती अंतरावर ठेव, कोणाला कुठे बसव, सॅनिटायझर कुठे ठेव. ते सगळं बरोबरच आहे, पण कोविडच्या काळात हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की बाग हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. उघड्या हवेत श्वासातून बाहेर पडलेलं लगेच विरून जातं, त्यामुळे बंद खोलीपेक्षा तिथे संसर्गाची शक्यता बरीच कमी (शून्य नाही हं). खरी गर्दी होते ती खोलीपासून बागेच्या दारापर्यंत. लिफ्टमध्ये, अरुंद कॉरिडॉरमध्ये, आणि दारापाशी, जिथे एकाचा वॉकर अडकलाय, दुसऱ्याला शाल हवीये आणि तिसऱ्याची व्हीलचेअर मागे उभी आहे, तिथे सात-आठ जण एकमेकांच्या तोंडाशी येतात आणि खुर्च्यांसाठी मोजलेलं दोन मीटरचं अंतर तिथेच वाया जातं.

म्हणून प्लॅन उलटा करायचा, आधी वाट आणि मग बाग. लिफ्टमध्ये एक रेसिडेंट आणि एकच स्टाफ. चपला-बूट, स्वेटर, चष्मा हे सगळं ज्याच्या त्याच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून आटपायचं, कारण बूट घालताना आपण अगदी त्यांच्या तोंडासमोर वाकलेले असतो आणि हे दारापाशी चालू केलं की रांग लागलीच समजा. स्वतः चालू शकणारे आधी बाहेर, व्हीलचेअरवाले शेवटी, म्हणजे कुणाला उगाच थांबून राहावं लागत नाही. परतताना मात्र जो आधी थकलाय तो आधी आत, तिथे क्रम-बिम बघायचा नाही. उतार आला की व्हीलचेअर उलटी करून आपण खालच्या बाजूला राहून उतरवायची, सरळ उतरवली तर माणूस पुढे घसरतो.

एक नक्की विचारलं जाईल, एवढा उपद्व्याप करायचाच कशाला, साथ संपेपर्यंत आतच ठेवा ना. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं त्या सुमाराला बहुतेक ठिकाणी हेच झालं, आणि त्याचे परिणाम आम्ही डोळ्यांनी बघितले. आधी वॉकर घेऊन जेवायला येणारी माणसं पलंगावरून उठायला दोन जणांचा आधार मागायला लागली. साथीच्या कितीतरी आधी एका अभ्यासात निरोगी वयस्कांना १० दिवस बिछान्यात ठेवलं होतं, तर तेवढ्यातच पायातले स्नायू सरासरी जवळपास एक किलोने कमी झाले होते. हे निरोगी माणसांचं, आपल्याकडचे तर आधीच अशक्त. शिवाय सकाळचा उजेड मिळाला नाही की झोपेचं घड्याळ बिघडतं, दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण, आणि डिमेन्शिया असेल तर संध्याकाळची घालमेल वाढते. मॅनेजमेंटशी बोलताना हे मुद्दे हाताशी ठेवा, नुसतं ‘त्यांना बरं वाटतं’ म्हणून परवानगी मिळत नाही.

ग्रुप छोटा आणि ठरलेला ठेवायचा. तेच चार-पाच रेसिडेंट, तोच स्टाफ, दर वेळी. नवीन लोक इथे फसतात, कारण ‘आज त्या ग्रुपमध्ये जागा आहे तर यांनाही नेऊ’ हे प्रेमापोटी केलं जातं आणि सगळी सरमिसळ होते.

खुर्च्यांखाली खडूने खुणा करा, पण खुर्च्या सरकतातच हे धरून चाला. ज्यांना कमी ऐकू येतं ते हळूहळू खुर्ची पुढे ओढतात, त्यात मास्कमुळे ओठ दिसत नाहीत म्हणून अजूनच ओढतात. आमच्याकडच्या एक आजी तर मला सरळ म्हणायच्या, “तू तोंड झाकून काय पुटपुटतेस, इकडे ये आणि नीट बोल.” यावर लहान व्हाइटबोर्ड आणि जाड मार्कर सगळ्यात कामाला आला, मोठ्या अक्षरात दोन शब्द लिहायचे की त्यांना कळतं आणि आपल्याला ओरडावं लागत नाही (मोठ्याने बोललं की श्वासाचे कण जास्त उडतात, म्हणून ओरडणं तसंही टाळायचंच). व्यायाम घेताना छोटा माइक-स्पीकर वापरा. श्रवणयंत्र असेल तर कानामागे अडकणारा मास्क देऊ नका, डोक्यामागे बांधायचा द्या, नाहीतर मास्क काढताना यंत्र गवतात पडतं आणि मग अख्खा स्टाफ वाकून शोधत बसतो. ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्यांना तो लावायचाच नाही, तिथे अंतर वाढवायचं आणि आपला मास्क नाकावर घट्ट ठेवायचा. चष्म्यावर वाफ धरतेय का तेही बघा, वाफ धरलेल्या चष्म्याने पायरी दिसत नाही आणि मग पडणं आलंच.

ऊन किंवा पाऊस नको म्हणून लोक मांडव घालतात आणि मग वारा लागतो म्हणून त्याला चारही बाजूंनी प्लास्टिक लावतात. झालं, ती परत खोलीच झाली की. वर छप्पर चालेल, बाजू मात्र उघड्याच पाहिजेत.

आता शरीराचं. वय झालं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणजे ‘पाणी हवंय का’ विचारलं तर उत्तर ‘नको’ येणार, विचारू नका, प्रत्येकाची नाव लिहिलेली बाटली हातात द्या. फक्त ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय त्यांचं नर्सला विचारून ठेवा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उभं करू नका, उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने उतरलं तर चक्कर येऊ शकते. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, मग उभं करा, मग चाला. आणि लघवी वाढवणारी गोळी सकाळी दिली असेल तर बाहेर न्यायची वेळ नर्सशी बोलूनच ठरवा, नाहीतर सगळ्यांना छान बसवून झाल्यावर पहिला हात वर होतो तो बाथरूमसाठी, आणि मग लिफ्टची ती सगळी वरात परत.

काय करायचं याची यादी इंटरनेटवर ढिगाने मिळते, मी फक्त कुठे अडकतं ते सांगते. फुगा टोलवणं सगळ्यांना आवडतं, पण फुगा तोंडाने फुगवायचा नाही, पंप ठेवा. रिंग फेकायचा खेळ असेल तर ज्याची रिंग त्याची, हातोहात फिरवायची नाही. कुंडीतलं काम उत्तमच, प्रत्येकाला आपली कुंडी आणि आपलं खुरपं, पण कंपोस्टची पिशवी त्यांच्यासमोर फोडू नका आणि माती आधी ओली करून घ्या, त्या धुळीतून लिजिओनेलासारखे जंतू फुफ्फुसात जाऊ शकतात आणि या वयात ते महागात पडतं. नंतर हात साबणाने धुवायचे, मातीच्या हाताला सॅनिटायझर काही करत नाही.

गाण्याचं मला स्वतःला वाईट वाटतं, कारण डिमेन्शियात नावं विसरलेल्यांनाही गाणी आठवतात. पण मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायनाच्या सरावाला ६१ जण आले होते, त्यातले ५० हून जास्त आजारी पडले आणि दोन जण गेले. तो सराव बंद जागेत होता हे खरं, तरी साथ जोरात असताना सगळ्यांनी मिळून गाणं मी बाहेरही घेत नाही. स्पीकरवर गाणं लावायचं आणि टाळ्या, खुळखुळे, काठीने ताल धरायचा. कोण हळूच गुणगुणत असेल तर मी ऐकू न आल्यासारखं करते.

नातेवाइकांची भेट बागेतच ठेवा, पण सगळ्यात जास्त नियम तिथेच मोडतात, कारण किती दिवसांनी भेटतायत हो. आल्या आल्या आधी स्टाफने पुढे व्हायचं, सर्दी-ताप आहे का विचारायचं, खुर्ची दाखवायची, वेळ सांगायची आणि मग रेसिडेंटला बाहेर आणायचं. उलट क्रमाने केलं की मिठी पडलेली असते आणि तेव्हा मध्ये पडणं म्हणजे आपण खलनायक. मग जरा लांब उभं राहायचं, त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतकं.

कोणाला न्यायचं नाही हे ठरवताना नुसत्या थर्मामीटरवर जाऊ नका. म्हाताऱ्या माणसांना संसर्गात ताप येतोच असं नाही, कधीकधी नेहमी भांडणारे आजोबा आज गप्प असतात, ताट तसंच राहतं, किंवा अचानक गोंधळल्यासारखं बोलतात. तसं दिसलं की त्या दिवशी बाहेर नाही आणि नर्सला लगेच सांगायचं, ‘बघू संध्याकाळी’ नको.

आणि वही. रोज कोण कोणाशेजारी बसलं, कुठला स्टाफ होता, किती वाजता बाहेर गेलो आणि आत आलो, एवढंच, पण त्याच दिवशी लिहायचं. कंटाळवाणं काम आहे मान्य, पण उद्या एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर या वहीवरून फक्त तो एक ग्रुप थांबवता येतो आणि बाकीच्यांचं बाहेर जाणं चालू राहतं. वही नसेल तर अख्ख्या मजल्याला कुलूप लागतं.