नुस्ते (मासळी) कमी करताना या चुका टाळा

शिवराक (शाकाहारी) जेवण गोव्यात कुणाला शिकवावे लागत नाही. सोमवार पाळणारी घरे आहेत, श्रावण पाळणारी आहेत, आणि चवथीला पानावर खतखते (मिश्र भाज्यांचे), मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी), पातोळ्या आल्या की नुस्त्याची आठवणही कुणी काढत नाही. तरीही आठवड्यातले चार-पाच दिवस शिवराक खायचे असे ठरवलेली माणसे थोड्याच दिवसांत कंटाळतात. पोट भरत नाही, थकवा येतो, गॅस होतो, अशा तक्रारी असतात. तक्रारी खऱ्याच आहेत. त्यांचे मूळ मात्र बहुतेक वेळा ताट कसे मांडले यात सापडते.

नुस्ते काढले, जागा रिकामी ठेवली

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या तक्रारी हिच्याच पोटातून येतात. शीत (भात), कडी (नारळाची आमटी), तळलेले नुस्ते आणि चमचाभर भाजी हे रोजचे ताट. त्यातून नुस्ते उचलले की उरते शीत, पातळ वरण आणि तीच चमचाभर भाजी. मग थोड्याच वेळात भूक लागते, हात बिस्किटांकडे किंवा फरसाणाकडे जातो आणि वजन उलट वाढते.

नुस्ते ताटात प्रथिनांचे काम करत होते, ते काम आता कडधान्यांनी करायला हवे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे साधारण 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात जवळपास 20 ग्रॅम प्रथिने असतात, तर वाटीभर घट्ट तोणाकात (वाटण लावलेल्या कडधान्यात) सात-आठ. पातळ वरणात त्याच्या निम्मीही नसतात. त्यामुळे दुपारी एकदा वरण घेतले की भागले, हा हिशेब चुकतो. सकाळी पावाबरोबर पांढऱ्या वाटाण्याची पातळभाजी, दुपारी अळसांद्याचे (चवळीसारखे कडधान्य) तोणाक, रात्री मुगाची उसळ किंवा टोफू, अशी तिन्ही वेळा काहीतरी सोय हवी. पातळभाजी आणि पोई (गोव्याचा पाव) हा आपल्याकडचा नाश्ता त्या दृष्टीने फार चांगला आहे. तो सोडून जॅम लावलेल्या ब्रेडकडे वळण्याचे काहीच कारण नाही.

इथेच एक फसगत होते. कच्च्या फणसाची भाजी मटणासारखी लागते, अळमी (मशरूम) चिकनसारखी लागतात, म्हणून ती त्यांच्या जागी चालतील असे वाटते. चवीला चालतात. पण दोन्हींत शंभर ग्रॅममागे प्रथिने दोन-तीन ग्रॅमच्याच आसपास. फणस जरूर करा, त्यात भिजवलेले काळे चणे घाला.

मासळीबरोबर तिरफळही डब्यात गेले

"शिवराक जेवण अळणी लागते" असे म्हणणाऱ्या घरात डोकावले तर दिसते की तिरफळ (मसाल्याचे फळ), सोलां (आमसुले), भाजक्या खोबऱ्याचे वाटण हे सगळे नुस्त्यासाठी राखून ठेवलेले असते आणि कडधान्याला मिळते नुसती हळद-फोडणी. खरे तर हुमणाची (माशांच्या कडीची) जी चव जिभेवर राहते त्यात मोठा वाटा वाटणाचा, तिरफळांचा आणि सोलांचा असतो. तेच वाटण वाटाण्याला द्या. वाळलेली पाच-सहा तिरफळे घ्या, आतले काळे बी काढा, किंचित ठेचून थोड्या पाण्यात टाका आणि आमटी उतरवण्याआधी पाण्यासकट ओता. तिरफळ घातले की गरम मसाला नको, दोन्ही एकमेकांना मारतात.

उडीदमेथीचे उदाहरण तर हाताशीच आहे. बांगड्याची करतात तशीच आंबाड्यांचीही (आंबट फळांची) करतात, आणि माझ्या मते आंबाड्यांची जास्त रंगते. उडीद डाळ थेंबभर खोबरेल तेलात लालसर होईतो भाजायची, मेथीचे दाणे अगदी शेवटी टाकायचे. मेथी काळी पडली तर अख्खी आमटी कडू होते आणि गूळ कितीही घातला तरी सावरत नाही. मग ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे यांबरोबर वाटायचे आणि ठेचून शिजवलेल्या आंबाड्यांत घालायचे. एवढ्या उडदाने प्रथिनांची भर फारशी पडत नाही, म्हणून बाजूला मुगागाठी हव्यातच.

गॅस झाला म्हणून कडधान्येच बंद

रोज चमचाभर डाळ खाणारे पोट एकदम दोन वाट्या चवळीवर नेले तर ते कुरकुरणारच. आतड्यातल्या जिवाणूंना वाढलेल्या तंतूंची (फायबरची) सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. सुरुवात सालीच्या मुगाने किंवा सोललेल्या मोडाच्या मुगाने करा, मग मसूर, मग अळसांदे, आणि चणे-वाटाणे शेवटी. कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात शिजवा. दाणा दोन बोटांत धरून दाबला की लोण्यासारखा पसरला पाहिजे. तोणाकात दाणे अख्खे सुंदर दिसावेत म्हणून अर्धवट शिजवण्याची खोड कित्येकांना असते आणि रात्री पोट फुगते ते त्यामुळे. पाणीही वाढवा. तंतू वाढले आणि पाणी तेवढेच राहिले तर बद्धकोष्ठ होतो.

एका रात्रीत, आणि सगळ्या घरावर

घरातल्या एकाने ठरवायचे आणि सासूबाईंपासून मुलांपर्यंत सगळ्यांनी सोमवारपासून नुस्ते सोडायचे, हे टिकत नाही. दोन वेगळे स्वयंपाक करणेही टिकत नाही, करणारी बाई थकते. त्यापेक्षा तोणाक किंवा खतखते सगळ्यांसाठी मुख्य करा आणि ज्याला हवे त्याच्यापुरती एखादी तुकडी तळा. नुस्ते मधल्या जागेवरून कडेला सरकले तरी खूप झाले.

वेळही निवडा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळी महाग आणि बरीचशी बर्फातली असते. त्याच सुमारास तायकिळो, तेरें, अळू, कुड्डुकेची भाजी बाजारात येते आणि पाठोपाठ श्रावण लागतो. नुस्ते कमी करायला याहून सोपे दिवस नाहीत. नोव्हेंबरात, ताज्या मासळीच्या टोपल्या दारावर येत असताना, सुरुवात करणे अवघड जाते.

जाता जाता दोन गोष्टी. रव्यात घोळवलेली वांग्याची, सुरणाची, नीरफणसाची कापे रोज तळू नका, ती तेल पितात. आणि कडी, भाजी, सोलकढी तिन्हींत नारळ असेल त्या दिवशी एका ठिकाणचा कमी करा, नारळात संपृक्त चरबी बरीच असते.

जे नुस्त्यातून नकळत मिळत होते

बी 12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही चालू असेल तर थोडे मिळते. तेही सोडले तर गोळी किंवा बी 12 मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात, इथे दुसरी वाट नाही. शरीरातला साठा हळूहळू संपतो, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षे सगळे ठीक वाटते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका, रक्त तपासून घ्या.

आयोडीनकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. समुद्री मासळीतून ते मिळते. मासळी कमी केली आणि त्याच वेळी, चांगले म्हणून, मिठागरातले जाडे मीठ किंवा सैंधव सुरू केले तर दोन्हीकडून घट होते. आगरातले मीठ लोणच्याला आणि खारातल्या कैऱ्यांना ठेवा, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ वापरा.

लहान मासळी काट्यांसकट खाणाऱ्यांना त्यातून कॅल्शियमही मिळत असते. त्याची भरपाई नाचण्याने होते, शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिझाण (नाचण्याची गोड पेज) केवळ उन्हाळ्यापुरते न ठेवता वर्षभर करा. लोहासाठी तांबडी भाजी, कडधान्ये आहेत, पण ते लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवे. भाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरू खा. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते, तासभर थांबा. आणि तांबड्या भाजीत सवयीने सुकी सुंगटे (कोळंबी) पडतात, पूर्ण शिवराक हवे असेल तर घरात ते आधी सांगून ठेवा.

गरोदर बाया, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही बोलावे, कारण ताट बदलले की साखर बदलते. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीन व गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे.