मे महिन्यात रोल धुवायचाय? आधी नळाखाली थर्मामीटर धरा

कृष्णधवल फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, कुठला घ्यावा असं कुणी विचारलं की ग्रेनवर, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यावर, चर्चा सुरू होते. संभाजीनगरात, लातुरात, परभणीत घरी रोल धुणाऱ्याने ती नंतर करावी. आधी थर्मामीटर घ्या आणि दुपारी चार वाजता गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली धरा. माझ्याकडे मे महिन्यात 38 दाखवतो. डेव्हलपरच्या पाकिटावरचे वेळ मात्र 20 अंशांचे असतात.

आता हिशेब करा. इलफर्ड कंपनीच्या एचपी-5 प्लस फिल्मला त्यांचंच आयडी-11 हे पावडरचं डेव्हलपर तयार झाल्यावर आणखी पाणी न घालता वापरलं तर 20 अंशांना साडेसात मिनिटं लागतात. 26 अंशांना तेच काम साधारण सव्वाचार मिनिटांत होतं. पाच मिनिटांच्या खाली गेलं की टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या उजेडबंद डब्यात, ओतण्या-काढण्यातच वेळेचा मोठा वाटा जातो आणि फोटोतल्या आकाशात डाग-पट्टे उमटतात. तेच आयडी-11 एकास एक पाणी घालून घेतलं तर 20 अंशांना 13 मिनिटं, 26 ला सव्वासात. म्हणून उन्हाळ्यात पातळ करून, जास्त वेळ चालणारंच डेव्हलपर घ्यायचं, हा माझा पहिला नियम. वापरलं की ओतून द्यायचं. पुन्हा बाटलीत भरायचा मोह नको.

तापमान खाली आणायला फ्रिजपेक्षा माठ बरा. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ झिरपतो आणि गार करतो. माझ्या माठात भर उन्हाळ्यातही 25-26 मिळतं. त्याखाली जायचं तर घमेल्यात पाणी घेऊन बाटल्या त्यात उभ्या करा आणि बर्फ पिशवीत बांधून सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, नाहीतर प्रमाण बिघडतं. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी, तिन्ही एकाच घमेल्यात ठेवा. डेव्हलपर 24 आणि शेवटचं पाणी 38 असा धक्का बसला तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात.

बोअरचं पाणी डेव्हलपरला नको. कपबशीवर पांढरा थर धरतो तोच क्षार बाटलीत साका होऊन बसतो. मिसळायला आणि अगदी शेवटच्या विसळणीला आरओचा जार किंवा डिस्टिल्ड वॉटर ठेवा. मधलं धुणं बोअरवर चालतं. तेही वाहत्या नळाखाली नको. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं ते पाहिल्यावर नळ सोडून ठेवायला माझा हातच धजत नाही. टँक भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, ओता. मग दहा वेळा, मग वीस वेळा. हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसलेल्या फिक्सरला ही इलफर्डची पद्धत पुरते. 300 मिलीच्या टँकला एक लिटरही लागत नाही.

निवडीचं म्हणाल तर महिन्याला एखादाच रोल धुणाऱ्याने रोडिनल हे द्रव डेव्हलपर घ्यावं. 1891 पासूनचं आहे आणि उघडलेली बाटली वर्षानुवर्षं टिकते. एकास पन्नासला 300 मिलीत जेमतेम 6 मिली, म्हणून सिरिंज हवीच. ग्रेन ठसठशीत येतो; आयएसओ 400 च्या फिल्मवर सगळ्यांनाच आवडेल असं नाही. जास्त रोल असतील तर आयडी-11 किंवा कोडॅकचं डी-76, दोन्ही जवळजवळ एकच. पावडर कुरिअरने येताना सांडत नाही, हा इथला मोठा गुण. पण पाकीट एकदम पूर्ण मिसळा. अर्धं काढलं तर घटक सारखे येतीलच असं नाही. एक्सटॉल हे डेव्हलपरही उत्तम, पण ते न सांगता मरतं. रंग तोच, निगेटिव्ह कोरी! कुठलंही जुनं डेव्हलपर असो, रोल घालण्याआधी फिल्मचं कापलेलं टोक उजेडातच त्यात बुडवा. काही मिनिटांत काळं झालं नाही तर बाटली फेका.

डी-76 घरीही करता येतं. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5 आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, 2 ग्रॅम. पाणी 50 अंशांना, साधारण पाऊण लिटर. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकी सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार आणि वर पाणी घालून लिटर पूर्ण. सल्फाइटचा क्रम चुकला तर मेटॉल विरघळत नाही. लेबल दोनदा वाचा. मी घाईत सल्फेट आणलं होतं. दुसऱ्या दिवशी बाटलीत चहा तयार. वेरूळचा रोल त्यात घालायचा वाचला, एवढंच. मेटॉलने कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघरातलं मापटं घेऊ नका.

वेरूळवरून आठवलं. कैलासाच्या काळ्या दगडावर दुपारचं ऊन आणि आत अंधार असेल, तर कुठलंही डेव्हलपर एकटं तो फरक सांभाळणार नाही. सावली मोजून एक्स्पोजर जास्त द्या आणि डेव्हलपरमधला वेळ 15 ते 20 टक्के कमी करा. अशा रोलला तरी पातळ डेव्हलपर हवंच, नाहीतर कमी करायला वेळच उरत नाही.

रोल पहाटे धुवा. दुपारी चेंजिंग बॅगेत, म्हणजे फिल्म टँकमध्ये भरायच्या उजेडबंद पिशवीत, हाताला घाम सुटतो आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळात अडकून बसते. वाळत घालायची ती बाथरूममध्ये, भिंतींवर आधी पाणी मारून, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. आणि तोवर घरात कूलर बंद.