एक्कावन्नाव्या वर्षी पहिली मानांकन स्पर्धा

पंचवीस वर्षं माझं बुद्धिबळ घरातच होतं. रविवारी शेजाऱ्यांशी, रात्री मोबाइलवर. एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, मानांकन स्पर्धेत नाव घातलं. मानांकन म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. आठ फेऱ्या, चार दिवस.

पहिल्या फेरीत समोर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, मानांकन सतराशेच्या वर. चोविसाव्या चालीला मी डाव सोडला. त्याने हात मिळवला, मोहरी परत मांडली आणि म्हणाला, "काका, इथे घोडा मागे न्यायचाच नव्हता." मग पाच मिनिटं तो मला माझाच डाव समजावून सांगत होता. अशी शिकवणी घरी बसून मिळत नाही.

नवख्यांना माझं पहिलं सांगणं: पहिल्या फेरीवरून घरी जाऊ नका. स्विस पद्धतीत कुणी बाद होत नाही. सुरुवातीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो, म्हणून बिनमानांकित खेळाडूला मार बसतो. पुढे सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. तिसऱ्या फेरीत मला जोडीचा माणूस मिळाला आणि मी जिंकलो.

मानांकन मिळवायला मानांकित खेळाडूंशी पाच डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. 2024 पासून किमान मानांकन 1400 आहे. पहिल्या स्पर्धेत शून्य गुण पडले, तर ते हिशेबात धरत नाहीत. मानांकन मिळाल्यावरही पहिल्या 30 डावांपर्यंत गुणक, म्हणजे एका डावाने मानांकन किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 असतो. म्हणजे 400 गुणांनी वरच्या खेळाडूशी हरलात तर मानांकनातले जेमतेम तीन गुण जातात, बरोबरी केलीत तर सुमारे सतरा मिळतात, जिंकलात तर सदतीसच्या आसपास. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर गमावण्यासारखं खरोखरच फार थोडं असतं.

नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली, तेव्हा ती ग्रँडमास्टर नव्हती आणि स्पर्धेच्या मानांकन यादीत ती पंधरावी होती. ती विजेती होऊन परतली. व्हिक्टर कोर्चनॉय तर ऐंशीव्या वर्षी, 2011 मध्ये, स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय विजेते झाले. मला त्यांचा खेळ जमणार नाही, पण नाव नोंदवणं जमतं.

वयाचा त्रास मात्र खरा आहे. प्रत्येकी 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद, असा डाव चार तासही चालतो, आणि दिवसाला दोन फेऱ्या. संध्याकाळच्या फेरीत माझा वजीर दोनदा फुकट गेला. दुपारी हलकं जेवा, अर्धा तास पडा. माहितीपत्रकात अर्ध्या गुणाचा बाय (एक फेरी न खेळता मिळणारा अर्धा गुण) असेल तर तो आधीच मागून घ्या. चाली लिहायचा सराव घरीच करा. घड्याळाकडे बघत लिहिताना हात अडखळतो. मोबाइल खेळायच्या दालनात नेऊच नका, खिशात सापडला तरी डाव जाऊ शकतो.

चौथ्या फेरीत हत्तीच्या अंत्यखेळात एक प्यादं कमी असताना साडेतीन तास तग धरून बरोबरी साधली. समोरचा मुलगा घाई करत होता, मी नाही. त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

एकूण अडीच गुण झाले. घरी आल्यावर आठही डाव कागदावरून पुन्हा मांडले. हरलेल्या चारपैकी दोन डाव विसाव्या चालीच्या आतच बिघडले होते, दोन्ही काळ्या मोहऱ्यांनी, दोन्ही सिसिलियन नावाच्या सुरुवातीत. आता रोज सकाळी अर्धा तास तेवढंच बघतो.