जुन्या बाइकच्या फ्रेमला घरी रंग देताय? या चुका टाळा

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे आज ज्यांच्या दारात ही गाडी आहे, त्यांच्याकडे तीसेक वर्षांचं लोखंड आहे, आणि बहुतेकांची फ्रेम गंजलेली आहे. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून चढवलेला पावडरीचा रंग) परवडत नसेल तर घरीही चांगलं काम होतं. पण हात आखडता असला की आपण वरच्या रंगावर पैसे घालतो आणि खालच्या तयारीत वाचवतो. माझी पहिली फ्रेम त्यातच वाया गेली.

रत्नागिरीत, ऐन जुलैमध्ये, मी संध्याकाळपर्यंत फ्रेम खरवडून लख्ख केली आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, उद्या मारू म्हणून ठेवली. सकाळी खालच्या नळीवर माझ्या चार बोटांचे ठसे उमटले होते, तांबूस, अगदी रेषांसकट. घामातल्या मिठाने रातोरात गंज धरला होता. मी त्यावरच प्रायमर मारला आणि दिवाळीपर्यंत तिथेच फोड आले. म्हणून पाऊस संपल्याशिवाय हे काम काढूच नका. सकाळी रंग काढा, हातमोजे घालून थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा.

ग्रायंडरला वायर ब्रश लावला की लोखंड चकाकतं आणि काम झालंसं वाटतं. पण गुळगुळीत लोखंडाला प्रायमर धरत नाही. वरून ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायलाच हवा. जोडाच्या सांध्यात गंज काढायचं केमिकल लावलंत तर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे ते काढून टाका आणि सांधा पूर्ण वाळवा. त्यातलं ॲसिड राहिलं तर वरचा प्रायमर सुटतो.

रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त, पण तो पाणी पितो. नुसता रेड ऑक्साइड मारून फ्रेम महिनोन्‌महिने ठेवली की आतून गंज चालूच राहतो. जिथे जास्त पैसे घालायचे ते इथे: दोन डब्यांचा (प्रायमर आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर वेगळे, मारताना मिसळायचे) इपॉक्सी प्रायमर घ्या.

रंग सुरकुतला, तर बहुधा खाली ऑइल पेंट आहे आणि वरच्या रंगातल्या कडक थिनरने तो उचलला आहे. तेवढा भाग पुन्हा लोखंडापर्यंत काढावा लागतो, दुसरा इलाज नाही. साध्या स्प्रे कॅनचा रंग टाकीखाली पेट्रोल सांडलं की विरघळतो. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकतो, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक असते आणि धुळीचा मास्क ती अडवत नाही. प्रायमरपर्यंत घरी करा आणि रंगाचे शेवटचे दोन हात पेंटरकडून मारून घ्या. मध्ये बरेच दिवस गेले तर आधी प्रायमरला हलका पेपर मारा.

आणि हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर! तिथे ग्रायंडर नेऊ नका, लांबी (पुट्टी) भरू नका. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीला आरटीओत तो नंबर तपासतात. तिथे हातानेच रंग काढा आणि एकच पातळ हात द्या, अक्षरं नखाला लागली पाहिजेत.